दीड वर्षाचा, पाच वर्षांचा, दहा वर्षांचा

आपल्याकडे कुणाचा गणपती दीड दिवसाचा, कुणाचा पाच दिवसांचा, तर कुणाचा थेट अनंत चतुर्दशीपर्यंत. ज्या घरात जी रीत, ती पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली. पण एक गोष्ट सगळ्यांकडे सारखीच असते. मूर्ती घरात येते त्याच दिवशी विसर्जनाचा दिवसही ठरलेला असतो. त्यामुळे निरोप देताना डोळे भरून आले तरी धांदल उडत नाही.

यंदा आषाढात मंडळाच्या कार्यालयातला संगणक सुरू केला आणि पडद्यावर एक सूचना आली. १४ ऑक्टोबर २०२५ नंतर विंडोज १० चा सपोर्ट बंद होणार, असा तिचा मजकूर. म्हणजे दसरा झाल्यावर आणि दिवाळीच्या जेमतेम आठवडाभर आधी. मंडळाचा हिशेब पाहणारे आमचे काका शेजारीच बसले होते. त्यांनी चष्मा सरसावून ती पाटी दोनदा वाचली आणि विचारले, "अरे, संगणक चालतोय, वर्गणीच्या पावत्या निघताहेत, प्रिंटर कुरकुर करत का होईना पण छापतोय. मग संपतंय ते काय? आणि चालत्या वस्तूला संपली म्हणणारे हे कोण?"

आम्ही पॉलिटेक्निकमधून डिप्लोमा करून राज्य शासनाच्या नोकरीत लागलेलो. कार्यालयात संगणकाचे काही बिघडले की सगळे आमच्याच टेबलाशी येतात, आणि मंडळातही तीच गत. काकांना त्या दिवशी दोन वाक्यांत उत्तर दिले, पण त्यांचे समाधान झाले नाही आणि खरे तर आमचेही नाही. कारण या प्रश्नामागे पंचवीस-तीस वर्षांचा इतिहास आहे. आणि आपल्या मंडळाच्या एका मौल्यवान दस्तऐवजाचे भवितव्यही त्यात अडकले आहे. म्हणून यंदाच्या स्मरणिकेत हा लेखनप्रपंच.

तारीख नसलेला काळ

आम्ही पॉलिटेक्निकमध्ये होतो तेव्हा प्रयोगशाळेत विंडोज ९५ आणि ९८ असे दोन्ही संगणक होते. विंडोज ९५ बाजारात आली २४ ऑगस्ट १९९५ ला आणि ९८ आली २५ जून १९९८ ला. त्या काळी ऑपरेटिंग सिस्टिम म्हणजे आपल्याला एखाद्या वस्तूसारखी वाटायची, मिक्सर किंवा शिलाई मशीनसारखी. एकदा घेतली की मोडेपर्यंत वापरायची. ती घेताना 'ही किती वर्षे सांभाळणार?' असे कुणी दुकानदाराला विचारत नसे, आणि विचारले असते तर त्याच्याकडे उत्तरही नव्हते.

चित्र बदलले ते इंटरनेटमुळे. घरात एकटा पडलेला संगणक टेलिफोनच्या तारेने जगाला जोडला गेला आणि चोरांनाही वाट मिळाली. २००१ मध्ये 'कोड रेड' आणि 'निमडा' या किड्यांनी जगभरचे संगणक हैराण केले. जानेवारी २००२ मध्ये बिल गेट्स यांनी आपल्या कर्मचाऱ्यांना पत्र लिहून यापुढे नव्या सोयींपेक्षा सुरक्षिततेला आधी महत्त्व द्या, असे बजावले. त्याच वर्षी ऑक्टोबरात मायक्रोसॉफ्टने प्रत्येक प्रणालीच्या सांभाळाची मुदत किती, याचे धोरण जाहीर केले. २००४ मध्ये ते वाढवून व्यावसायिक वापराच्या प्रणालींसाठी किमान दहा वर्षांचे केले, पाच वर्षे पूर्ण आधार आणि पुढची पाच वर्षे फक्त सुरक्षेपुरता आधार. याच सुमारास, ऑक्टोबर २००३ पासून, दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी दुरुस्त्या द्यायची प्रथा सुरू झाली. ती आजतागायत चालू आहे. आपल्याकडे संकष्टी जशी न चुकता येते, तसा हा त्यांचा मंगळवार.

इथे काकांच्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर मिळते. ऑपरेटिंग सिस्टिम म्हणजे कोट्यवधी ओळींचे लिखाण. त्यात चुका राहतातच. काही चुका अशा असतात की त्यातून परक्याला आत शिरता येते. त्या सापडतील तशा बुजवत राहणे, याला म्हणायचे सपोर्ट. म्हणजे विकत घेतली ती वस्तू एकदाच मिळाली, पण तिच्यामागे एक राखणदार ठरावीक वर्षांसाठी ठेवलेला आहे. १४ ऑक्टोबरला संगणक बंद पडणार नाही. राखणदार घरी जाणार आहे.

एवढेच असते तरी चालले असते. पण यात एक खुबी आहे, ती बहुतेकांना ठाऊक नसते. नव्या आवृत्तीतले पुष्कळसे लिखाण जुन्या आवृत्तीतूनच आलेले असते. त्यामुळे नव्या आवृत्तीची दुरुस्ती बाहेर पडली की चोर ती उघडून पाहतो, काय बुजवले ते ओळखतो, आणि तेच भोक जुन्या आवृत्तीत शोधतो. तिथे ते उघडेच असते. शेजारच्या वाड्याची डागडुजी पाहून आपल्या वाड्याची भिंत कुठे पोकळ आहे हे चोराला कळावे, तसा हा प्रकार. म्हणून मुदत संपलेली प्रणाली दर महिन्याला थोडी अधिक धोक्याची होत जाते.

एक्सपीचे बारा वर्षांचे बिऱ्हाड

आपल्यापैकी बहुतेकांच्या घरात पहिला संगणक आला तो विंडोज एक्सपी घेऊन. ती बाजारात आली २५ ऑक्टोबर २००१ ला. पुढची आवृत्ती व्हिस्टा घरोघरी पोहोचायला ३० जानेवारी २००७ उजाडले, आणि ती लोकांच्या पसंतीस उतरली नाही. मग लोक एक्सपीलाच धरून बसले. छोट्या नेटबुकांवर तर २०१० पर्यंत एक्सपीच घालून मिळत होती. शेवटी ८ एप्रिल २०१४ ला तिचा आधार पूर्ण थांबला. म्हणजे जवळजवळ साडेबारा वर्षे.

या साडेबारा वर्षांचे दोन भाग होते, हे मात्र आपल्या लक्षात आले नाही. १४ एप्रिल २००९ पर्यंत पूर्ण आधार होता. नंतरची पाच वर्षे फक्त सुरक्षेच्या दुरुस्त्या मिळाल्या, नवीन काही नाही. याचा अर्थ काय, ते आपल्या रुपयाने दाखवून दिले.

१५ जुलै २०१० रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने रुपयाचे नवे चिन्ह ₹ मंजूर केले. त्याच वर्षी ऑक्टोबरात युनिकोडच्या तक्त्यात त्याला जागा मिळाली. मायक्रोसॉफ्टने व्हिस्टा आणि विंडोज ७ साठी ते चिन्ह अपडेटमधून दिले. एक्सपीला दिले नाही, कारण तिची नवलाईची वर्षे वर्षभरापूर्वीच सरली होती. तेव्हा आपण काय केले? मंगळूरच्या फोरॅडियन कंपनीने काढलेला एक फुकट फाँट संगणकात टाकला. त्यात टॅबच्या वरची, उलट्या स्वल्पविरामासारखे चिन्ह असलेली कळ दाबली की रुपया उमटायचा. पण हीच फाइल दुसऱ्याच्या संगणकावर उघडली की रुपयाच्या जागी ते मूळचे चिन्ह दिसायचे. मंडळाच्या एका वर्षीच्या जमाखर्चात प्रत्येक रकमेच्या आधी असे टिंब उमटले होते आणि लेखापरीक्षकांनी 'हे काय?' म्हणून विचारले होते, हे जुन्या सभासदांना आठवत असेल.

मराठीची कथा याहून जिव्हाळ्याची. विंडोज २००० पासून मायक्रोसॉफ्टच्या प्रणालीत देवनागरी युनिकोड आणि 'मंगल' हा फाँट आला. एक्सपीतही तो होता, पण आपोआप चालत नसे. सेटिंगमध्ये जाऊन एका चौकोनात खूण करायची, मग संगणक मूळ सीडी मागायचा. ती सीडी कुणाकडेच नसायची! किती घरांत आम्ही केवळ तेवढ्यासाठी सीडी खिशात घालून गेलो आहोत, त्याची गणती नाही. ही सोय व्हिस्टापासून मुळातच चालू होऊन आली. शिवाय 'ॲडव्होकेट', 'ॲल्युमिनियम' यांतला ॲ हा मराठीचा स्वर युनिकोडमध्ये आला तो २००८ साली, ५.१ व्या आवृत्तीत. २००१ च्या फाँटात तो असणार कुठून? तिथे रिकामा चौकोन दिसायचा. म्हणजे प्रणालीची आवृत्ती बदलणे ही काही नुसती कंपन्यांची विक्रीची युक्ती नव्हती. आपल्या लिपीचे एक अक्षर तिच्यावर अवलंबून होते.

दीड वर्षाचा आणि पाच वर्षांचा

आता दुसऱ्या घराण्याकडे वळू. लिनक्स हा गाभा फिनलंडच्या लिनस टॉरवाल्ड्स या विद्यार्थ्याने १९९१ मध्ये लिहायला घेतला. तो फुकट आणि खुला. त्याभोवती निरनिराळ्या मंडळींनी निरनिराळ्या प्रणाली उभ्या केल्या. त्यांतली 'डेबियन' १९९३ पासूनची, सर्वस्वी स्वयंसेवकांनी चालवलेली. आपल्या मंडळासारखीच म्हणा ना! काम चोख, पण वेळेचे बंधन नाही. तिची ३.० ही आवृत्ती जुलै २००२ मध्ये आली आणि पुढची ३.१ यायला जून २००५ उजाडला. कधी येणार असे विचारले की उत्तर ठरलेले, 'तयार होईल तेव्हा.'

या पार्श्वभूमीवर मार्क शटलवर्थ हा दक्षिण आफ्रिकेचा उद्योजक पुढे आला. हाच गृहस्थ २००२ मध्ये स्वखर्चाने अंतराळात जाऊन आला होता. त्याने डेबियनच्या पायावर 'उबंटू' उभी केली. नियम एकच, दर सहा महिन्यांनी नवी आवृत्ती. पहिली आली ऑक्टोबर २००४ मध्ये आणि तिचा क्रमांक ४.१०, म्हणजे २००४ सालचा दहावा महिना. क्रमांकावरूनच जन्मतारीख कळावी, ही त्याची सोय आम्हाला फार आवडते. त्या दिवसांत ते मागाल तर घरपोच सीडीही फुकट पाठवत. ही प्रथा २०११ मध्ये बंद झाली. आमच्याकडे अशी एक सीडी अजून कपाटात आहे.

पण या आवृत्त्यांना आधार किती? फक्त अठरा महिने. दीड वर्षाचा पाहुणा! विद्यार्थ्याला आणि हौशी माणसाला ते चालते. शाळेला, बँकेला, सरकारी कचेरीला चालत नाही. शंभर संगणकांवर एक प्रणाली चढवून, लोकांना शिकवून, प्रिंटर जुळवून होईपर्यंत दीड वर्ष संपते.

म्हणून २००६ मध्ये त्यांनी वेगळा निर्णय घेतला. त्या वर्षीची आवृत्ती एप्रिलमध्ये येणार होती, ती घाई न करता सुमारे सहा आठवडे पुढे ढकलली, घासूनपुसून १ जून २००६ ला काढली. तिचे नाव 'डॅपर ड्रेक', म्हणजे टापटीप बदक. क्रमांक ६.०६ आणि त्यापुढे तीन अक्षरे, एलटीएस. लाँग टर्म सपोर्ट, अर्थात दीर्घ मुदतीचा सांभाळ. टेबलावरच्या संगणकाला तीन वर्षे आणि सर्व्हरला पाच. पुढे दर दोन वर्षांनी, सम वर्षाच्या एप्रिलमध्ये एलटीएस काढायची पद्धत पडली. २०१२ च्या आवृत्तीपासून, जिचे नाव त्यांनी खवल्या मांजरावरून ठेवले होते, टेबलावरच्या संगणकालाही पाच वर्षे मिळू लागली. उलट मधल्या आवृत्त्यांची मुदत २०१३ पासून अठरा महिन्यांवरून नऊवर आणली. याचा अर्थ स्पष्ट होता. ज्याला नवे हवे त्याने दर सहा महिन्यांनी बदलावे, ज्याला स्वस्थता हवी त्याने एलटीएसला धरून राहावे. आता तर नोंदणी केल्यास सुरक्षेच्या दुरुस्त्या दहा वर्षांपर्यंत मिळतात, आणि घरगुती वापराच्या पाच संगणकांपर्यंत ही नोंदणी फुकट आहे. डेबियनच्या स्वयंसेवकांनीही २०१४ पासून आपल्या आवृत्त्या एकूण पाच वर्षे सांभाळायला सुरुवात केली.

दीर्घ मुदतीचा सांभाळ होतो तरी कसा? नवीन आवृत्तीत चूक दुरुस्त झाली की ती दुरुस्ती तेवढीच कापून जुन्या आवृत्तीत बसवायची, बाकी काही हलवायचे नाही. आजीच्या शालूला रफू करावा तसे. शालू बदलत नाही, रंग बदलत नाही, फक्त भोक बुजते. हे काम कंटाळवाणे असते, त्यात नाव मिळत नाही. जुन्या आवृत्तीला जितकी वर्षे जास्त, तितके रफूचे काम अवघड, कारण नवे कापड जुन्याशी जुळेनासे होते. कधीतरी थांबावेच लागते. काकांच्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर हे असे आहे. संपवणारा कुणी दुष्ट नाही, पण रफू करणाऱ्यालाही मजुरी लागते आणि त्याची नजरही मर्यादित असते.

अर्थात या स्वस्थतेचीही किंमत असते. एप्रिल २०१० मध्ये आलेली उबंटूची एलटीएस रुपयाच्या चिन्हाच्या तीन महिने आधी तयार झाली होती. ते चिन्ह ऑक्टोबरच्या सहामाही आवृत्तीत आले.

मुदत विसरल्यावर

मुदत उलटून गेल्यावरही लोक चालवत राहिले, त्याचे काय झाले? १२ मे २०१७ रोजी 'वॉनाक्राय' नावाचा खंडणीखोर किडा जगभर पसरला. संगणकातल्या फाइली कुलूपबंद करून तो पैसे मागत होता. इंग्लंडमध्ये सरकारी आरोग्यसेवेच्या हजारो भेटी आणि शस्त्रक्रिया रद्द कराव्या लागल्या, रुग्णवाहिका दुसरीकडे वळवाव्या लागल्या. ज्या भोकातून तो शिरला ते चालू आवृत्त्यांमध्ये दोन महिने आधी, मार्चमध्येच बुजवलेले होते. प्रसंग एवढा बिकट होता की मायक्रोसॉफ्टने तीन वर्षांपूर्वी मुदत संपलेल्या एक्सपीसाठीही दुरुस्ती काढली. पण इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. नंतर असे दिसून आले की, सर्वाधिक संगणक बाधित झाले ते एक्सपीचे नव्हे, तर विंडोज ७ चे. त्यांना आधार होता, दुरुस्ती आलेली होती, ती लावली मात्र नव्हती. राखणदार दाराशी उभा होता, पण त्याला आत घेतलेच नाही. 'नंतर आठवण करा' हे बटण दाबणारे आपण सगळेच त्यात आलो.

आपल्याकडेही पुष्कळशी एटीएम यंत्रे एक्सपीवर चालत होती. शेवटी जून २०१८ मध्ये रिझर्व्ह बँकेने बँकांना टप्पे ठरवून दिले. सप्टेंबरपर्यंत किमान पाव यंत्रे, डिसेंबरपर्यंत निम्मी, पुढच्या मार्चपर्यंत पाऊण आणि जून २०१९ पर्यंत सर्व यंत्रे आधार असलेल्या प्रणालीवर आणा, असे फर्मावले. म्हणजे एक्सपीचा आधार संपल्यावर पाच वर्षांनी हे काम तडीस जायचे होते.

याउलट जर्मनीतल्या म्युनिक नगरपालिकेचे पाहा. २००३ मध्ये तिथे सुमारे १४,००० संगणकांवर विंडोज एनटी ४ होती आणि तिचा आधार संपत आला होता. दुसऱ्याच्या तारखेवर आपला कारभार का नाचवायचा, असा विचार करून नगरसभेने लिनक्सकडे जायचे ठरवले. दहा वर्षे खपून ते काम पुरे केले, पुढच्या काळात उबंटूच्या पायावर. आणि २०१७ मध्ये नव्या सत्ताधाऱ्यांनी पुन्हा विंडोजकडे परतायचा ठराव केला. यातून कुणी काय घ्यायचे ते घ्यावे. आम्ही एवढेच घेतले की प्रणाली कुठलीही घ्या, मुदत चुकत नाही. मुदतीची तयारी आधीपासून केली की निवड आपल्या हाती राहते.

दहा वर्षांचा निरोप

विंडोज ७ आली २२ ऑक्टोबर २००९ ला, गेली १४ जानेवारी २०२० ला. विंडोज १० आली २९ जुलै २०१५ ला. त्या वर्षी मायक्रोसॉफ्टच्याच एका अधिकाऱ्याने जाहीर कार्यक्रमात ही शेवटची विंडोज, असे म्हटले होते. लोकांनी तेवढेच लक्षात ठेवले. पण कंपनीच्या मुदतीच्या तक्त्यात १४ ऑक्टोबर २०२५ ही तारीख तेव्हापासूनच होती. भाषण सगळ्यांनी ऐकले, तक्ता कुणी वाचला नाही. या विंडोज १० चेही एक एलटीएससारखे भावंड आहे. ते मोठ्या संस्थांना, रुग्णालयातली यंत्रे किंवा एटीएम अशा एकाच कामाच्या उपकरणांसाठी मिळते, आणि त्यातल्या काही आवृत्त्या २०२९ पर्यंत सांभाळल्या जाणार आहेत. घरगुती गिऱ्हाइकाच्या वाट्याला ते येत नाही.

२०२१ मध्ये आलेल्या विंडोज ११ ने एक नवी अडचण आणली. तिला टीपीएम २.० नावाची सुरक्षेची चिप लागते आणि साधारण २०१८ च्या आधीचे बहुतेक प्रोसेसर तिच्या यादीत बसत नाहीत. मंडळाचा संगणक २०१६ चा. उत्तम चालतो, पण यादीत नाही. अशा घरगुती संगणकांना कंपनीने एक वर्षाची वाढीव मुदत देऊ केली आहे, १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत. त्यासाठी तीस डॉलर भरावे, किंवा कंपनीच्या खात्यात आपली सेटिंग्ज साठवली तर ती फुकटही मिळते. म्हणजे यंदा विसर्जन टळले, पुढच्या वर्षी आहेच.

आपली नोंदवही

आता ज्यासाठी हा सगळा इतिहास सांगितला तिथे येतो.

मंडळाच्या एका ज्येष्ठ सभासदांनी, आम्ही त्यांना आबा म्हणत असू, निवृत्तीनंतर घरोघरी फिरून एक नोंदवही तयार केली होती. इंदुरातल्या आपल्या मराठी घराण्यांची. मूळ गाव कोणते, माळव्यात कोणत्या पिढीत आले, होळकरांच्या चाकरीत की गिरणीच्या की शाळामास्तरकीच्या निमित्ताने, वाडा कुठे होता, कुलदैवत कोणते. दोनशेच्या वर घराणी. त्यातली थोडी माहिती स्मरणिकेत छापून आली, बाकीची जागेअभावी राहिली. आबा ती मंडळाच्या एक्सपीवाल्या संगणकावर स्वतः टंकित करत. त्यासाठी तेव्हा विकत घेतलेले एक मराठी सॉफ्टवेअर होते. ते चालायला संगणकाच्या मागे प्रिंटरच्या जुन्या रुंद पोर्टला एक छोटे कुलूप लावावे लागे, त्याला सगळे डोंगल म्हणत.

आबा गेले. २०१४ मध्ये एक्सपी संपली म्हणून मंडळाने नवा संगणक घेतला. फाइली आम्हीच पेनड्राइव्हवरून त्यात नेल्या आणि काम झाले असे समजलो. उघडून पाहण्याची तसदी घेतली नाही, ही चूक आमचीच. दोन वर्षांनी तो संगणकही विजेच्या झटक्याने गेला, मग आताचा आला. कुणाला तरी आपल्या घराण्याची नोंद हवी झाली तेव्हा फाइल उघडली, तर पडद्यावर नुसती इंग्रजी अक्षरांची खिचडी. नव्या संगणकाला ते रुंद पोर्टच नव्हते. डोंगल लावणार कुठे? ते सॉफ्टवेअर बनवणाऱ्यांचा जुना दूरध्वनीही लागेना.

कारण असे की, जुन्या फाँटात मराठी अक्षर मराठी म्हणून साठवलेले नसतेच. आपल्या इथल्या कचेऱ्यांत चालणाऱ्या कृतिदेवाचेच उदाहरण घ्या. त्यात 'भारत' हा शब्द एच, के, के, जे, आर अशा पाच इंग्रजी अक्षरांनी साठवला जातो. फाँट असेल तर 'भारत' दिसते, नसेल तर ती पाच अक्षरे. युनिकोडमध्ये मात्र 'भ' हा जगात कुठेही 'भ'च असतो, प्रणाली कोणतीही असो.

नशीब एवढेच, की जुना एक्सपीचा डबा कुणी भंगारात दिला नव्हता. माळ्यावरून काढला, पुसला, इंटरनेटची तार मुद्दाम न लावता सुरू केला. तिसऱ्या खेपेला सुरू झाला! डोंगलही आबांच्या ड्रॉवरमध्ये सापडले. गेल्या हिवाळ्यात आम्ही तिघांनी बसून सगळ्या फाइली बाहेर काढल्या आणि परिवर्तकाच्या मदतीने युनिकोडमध्ये आणल्या. तीन नोंदी मात्र कायमच्या गेल्या, डिस्कचा तेवढा भाग वाचताच आला नाही.

पण परिवर्तक हे यंत्र आहे, त्याला मराठी येत नाही. 'कऱ्हाडे' याचे त्याने 'कर्हाडे' केले, 'वऱ्हाडातून आले' याचे 'वर्हाडातून'. ऱ्हस्व वेलांट्या शेजारच्या अक्षरावर गेल्या. 'ॲडव्होकेट' जिथे होते तिथे भलतेच काही. गावांची नावे तर तपासूनच घ्यावी लागतील, कारण चूक कुठली आणि जुने नाव कुठले हे त्या त्या घरालाच ठाऊक.

कार्यकारिणीने ठरवले आहे ते असे. पावत्यांचा संगणक वाढीव मुदतीवर एक वर्ष चालेल, कारण पावत्यांचा प्रोग्रॅम दुसरीकडे चालत नाही. त्या वर्षभरात पर्याय शोधायचा. नोंदवहीसाठी दान आलेल्या एका जुन्या संगणकावर उबंटू २४.०४ ही एलटीएस चढवली आहे, तिचा आधार २०२९ पर्यंत आहे. ती तारीख आम्ही संगणकाच्या पाठीवर चिकटपट्टीने लिहून ठेवली आहे. नोंदवहीच्या साध्या युनिकोड प्रती तीन घरांत वेगवेगळ्या ठेवल्या आहेत आणि दर गणेशोत्सवात, प्रतिष्ठापनेच्या आदल्या दिवशी, तिन्ही प्रती उघडून पाहायच्या असा ठराव झाला आहे. नुसत्या आहेत ना, एवढे पुरत नाही. उघडून वाचायच्या. २०१४ मध्ये आम्ही हेच केले नव्हते.

वाचकांना विनंती एवढीच. मंडपात प्रसादाच्या टेबलाशेजारी नोंदवहीचे छापील कागद आडनावांच्या क्रमाने ठेवले आहेत, लाल पेनही बांधून ठेवले आहे. आरतीला याल तेव्हा आपले पान काढून वाचा. घरातल्या आजी-आजोबांना सोबत आणता आले तर फारच उत्तम. चूक दिसेल तिथे खूण करा, आठवत असेल ते समासात लिहा. त्या तीन हरवलेल्या नोंदींच्या पानांवर फक्त आडनावे आहेत, खाली जागा कोरी सोडली आहे.

काकांनी परवा स्वतःचे पान तपासले. त्यांच्या पणजोबांचे गाव परिवर्तकाने चुकवले होते. ते दुरुस्त करून त्यांनी पेन खाली ठेवले आणि विचारले, "२०२९ ला कोण बघणार?" आम्ही म्हणालो, "आहोत ना आम्ही." ते म्हणाले, "आबाही असेच म्हणायचे. एखाद्या पोराला आत्तापासून शेजारी बसव."

तेव्हा ज्या घरात नववी-दहावीतला मुलगा किंवा मुलगी असेल, त्यांनाही पाठवा. काम रफूचेच आहे, कंटाळवाणे आहे. चहा मंडळाकडून.

गणपती बाप्पा मोरया.